रेनॉल्ड जॉन्सन

रेनॉल्ड बी. जॉन्सन (१६ जुलै १९०६ – १५ सप्टेंबर १९९८) हे अमेरिकन संशोधक व अभियंता होते. संगणकातील चुंबकीय तबकडी-साठवण, म्हणजे आजची हार्ड डिस्क, ज्या प्रयोगशाळेत जन्मली तिचे ते संस्थापक व प्रमुख होते. त्यामुळे त्यांना ‘हार्ड डिस्कचे जनक’ असे संबोधले जाते. त्याआधी त्यांनी पेन्सिलीने खुणा केलेल्या उत्तरपत्रिका विजेच्या साहाय्याने तपासणारे यंत्र तयार केले होते. त्यांच्या नावावर ९० हून अधिक एकस्वे (पेटंट) आहेत. पेशाने ते मूळचे शाळाशिक्षक होते. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. संगणकाच्या इतिहासात ही गोष्ट अपवादात्मकच म्हणावी लागेल.

प्रारंभिक जीवन

जॉन्सन यांचा जन्म अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका स्वीडिश वंशाच्या कुटुंबात झाला. मिनेहाहा अकॅडमी या शाळेतून १९२५ मध्ये ते उत्तीर्ण झाले आणि १९२९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी शैक्षणिक प्रशासन या विषयात विज्ञानाची पदवी घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदीला आरंभ झाला. त्या काळात नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणाला शिक्षकाची नोकरी मिळणे हेही भाग्याचेच होते. जॉन्सन यांना मिशिगन राज्यातील आयर्नवूड या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिक्षकाची जागा मिळाली. आयर्नवूड हे लोहखाणींचे गाव. पुढे लोहाच्याच ऑक्साइडचा लेप दिलेल्या तबकड्यांनी जॉन्सन यांचे नाव जगभर केले, हा निव्वळ योगायोग असला तरी लक्षात राहण्याजोगा आहे.

उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र

कोणत्याही शिक्षकाच्या वाट्याला येणारे सर्वांत नीरस काम म्हणजे उत्तरपत्रिकांची तपासणी. अमेरिकेत त्या सुमारास बहुपर्यायी प्रश्नांच्या चाचण्यांचा प्रसार वेगाने होत होता. या चाचण्यांत विद्यार्थ्याला लिहावे थोडे लागे, पण शिक्षकाला तपासावे फार लागे. हे काम यंत्राकडून करून घेता येईल का, हा विचार जॉन्सन यांच्या मनात आयर्नवूडच्या वर्गात रुजला.

त्यांच्या कल्पनेचा पाया पेन्सिलीतील ग्राफाइट हा होता. ग्राफाइट विजेचे वाहक आहे. कागदावर पेन्सिलीने गडद खूण केली आणि तिच्या दोन टोकांना विद्युत्अग्रे टेकवली, तर त्या खुणेतून अल्पसा प्रवाह वाहतो. हे ज्ञान जॉन्सन यांना पुस्तकांतून मिळालेले नव्हते, असे सांगितले जाते. लहानपणी बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांची फजिती करण्यासाठी ते त्यांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर बाहेरून पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवीत. ठिणगी प्लगच्या टोकाशी पडण्याऐवजी त्या रेघेवाटे निसटे आणि गाडी सुरूच होत नसे.

हे तत्त्व माहीत असणे आणि त्यावर विश्वासार्ह यंत्र उभारणे यांत मोठे अंतर होते. प्रत्येक विद्यार्थ्याचा हात वेगळा असतो. कोणी फिकट खूण करतो, तर कोणी कागद फाटेपर्यंत रेघोट्या ओढतो. गडद खुणेतून अधिक प्रवाह वाहिला तर यंत्र एका बरोबर उत्तराला दीड गुण देईल आणि फिकट खुणेला अर्धाच. याच अडचणीपाशी इतरांचे प्रयत्न अडले होते. जॉन्सन यांनी प्रत्येक खुणेच्या मार्गात फार मोठ्या विद्युतरोधाचा घटक जोडला. त्या रोधापुढे खुणेचा स्वतःचा कमीअधिक रोध नगण्य ठरला आणि खूण फिकट असो वा गडद, प्रवाह जवळजवळ सारखाच वाहू लागला. मग एकूण प्रवाह मोजला की बरोबर उत्तरांची बेरीज आपोआप हाती येई. युक्ती इतकी साधी होती की शाळेतील विज्ञानाच्या तासालाही ती समजावून सांगता येईल.

दरम्यान मंदीच्या तडाख्यात जॉन्सन यांची नोकरी गेली. हातात एक घरगुती स्वरूपाचे यंत्र होते आणि उत्पन्न मात्र नव्हते. त्यांनी कार्यालयीन यंत्रे बनविणाऱ्या आयबीएम या कंपनीकडे आपली कल्पना मांडली. कंपनीतील अभियंत्यांना ती फारशी पटली नाही. पेन्सिलीच्या खुणांसारख्या बेभरवशाच्या गोष्टीवर यंत्र चालेल, यावर त्यांचा विश्वास बसेना आणि पहिले उत्तर नकाराचेच आले. मात्र कोलंबिया विद्यापीठातील शैक्षणिक चाचण्यांचे अभ्यासक प्राध्यापक बेंजामिन वुड यांना या यंत्राचे महत्त्व पटले होते आणि आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांच्यापाशी त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांच्या आग्रहामुळे निर्णय फिरला. १९३४ मध्ये जॉन्सन न्यूयॉर्क राज्यातील एंडिकॉट येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. वुड यांनी मध्यस्थी केली नसती तर जॉन्सन यांना कदाचित दुसऱ्या एखाद्या शाळेत नोकरी शोधावी लागली असती.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस हे यंत्र ‘आयबीएम ८०५’ या नावाने वापरात आले. एका पत्रिकेवर प्रत्येकी पाच पर्यायांचे १५० प्रश्न मावत. यंत्र चालवणारी व्यक्ती एकेक पत्रिका आत सरकवी आणि तबकडीवरील काट्याकडे पाहून गुण नोंदवी. सरावलेल्या हाताने तासाला सुमारे ८०० पत्रिकांचे गुण नोंदवले जात. चांगला प्रवाह मिळावा म्हणून खास ग्राफाइटयुक्त पेन्सिली वापराव्या लागत.

भारतात ‘नीट’सारख्या परीक्षांत वापरली जाणारी ओएमआर उत्तरपत्रिका दिसायला याच कुळातील वाटते. तिचे तत्त्व मात्र निराळे आहे. ओएमआर यंत्र खुणेतून वीज वाहते का हे तपासत नाही, तर खुणेवरून परावर्तित होणारा प्रकाश पाहते. म्हणूनच तेथे पेनाची शाई चालते. जॉन्सन यांच्या यंत्राला शाईची खूण दिसलीच नसती.

सॅन होजे येथील प्रयोगशाळा

एंडिकॉट येथे जॉन्सन यांनी सुमारे अठरा वर्षे काढली आणि अनेक उपकरणांवर काम केले. १९५२ च्या आरंभी कंपनीने त्यांच्यावर अगदी वेगळी जबाबदारी टाकली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक छोटी प्रयोगशाळा काढायची, माणसे स्वतः निवडायची आणि काय शोधायचे तेही बऱ्याच अंशी स्वतःच ठरवायचे, अशी ती कामगिरी होती. जॉन्सन यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होजे हे शहर निवडले. तेथे आयबीएमचा पंच-कार्डांचा कारखाना आधीपासून होता. नोत्र दाम मार्गावरील ९९ क्रमांकाच्या भाड्याच्या इमारतीत प्रयोगशाळा सुरू झाली. आजूबाजूला तेव्हा फळबागा होत्या. सिलिकॉन व्हॅली हे नाव रूढ व्हायला अजून बराच अवकाश होता.

प्रयोगशाळा चालवण्याची जॉन्सन यांची रीत चांगल्या मुख्याध्यापकाला शोभेल अशी होती. प्रत्येकाला सर्व प्रकल्पांची माहिती असावी, अशी त्यांची अपेक्षा असे. एखाद्या सहकाऱ्याने मदत मागितली तर आपले काम बाजूला ठेवून आधी त्याला मदत करावी, असा तेथे दंडक होता. माणसे मोजकीच, पन्नासच्या आसपास, असल्यामुळे हे शक्यही होते.

साठवणीचा प्रश्न

त्या काळी व्यापारी संस्थांची माहिती पंच-कार्डांवर, म्हणजे छिद्रे पाडलेल्या जाड कागदी पत्त्यांवर ठेवली जाई. एका कार्डावर ८० अक्षरे मावत. ठराविक काळाने कार्डांचे गठ्ठे यंत्रातून क्रमाने फिरवून हिशेब केला जाई. पगारपत्रकासारख्या कामांना ही पद्धत योग्य होती, कारण तेथे प्रत्येक नोंद वाचायचीच असते. पण एखाद्या ग्राहकाने दूरध्वनीवरून अमुक माल शिल्लक आहे का असे विचारले, तर हजारो कार्डांच्या पेट्यांतून नेमके कार्ड हाताने शोधून काढून पुन्हा जागेवर ठेवावे लागे. चुंबकीय फितीनेही हा प्रश्न सुटत नव्हता. शेवटची नोंद हवी असेल तर सगळी फीत उलगडावी लागे. १९५३ मध्ये अमेरिकन हवाई दलाने आपल्या भांडारांतील सामानाच्या नोंदींसाठी, हवी ती नोंद ताबडतोब दाखवणाऱ्या यंत्रणेची चौकशी केली आणि प्रयोगशाळेच्या कामाला निश्चित दिशा मिळाली.

ग्रंथालयातील हवे ते पान थेट उघडता यावे तशी कोणतीही नोंद थेट गाठता यावी, अशी ही गरज होती. त्यासाठी जॉन्सन यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय पिंपे, पट्ट्या, पत्रे, तारा, कांड्या असे बहुतेक सगळे आकार तपासले. पिंपावर माहिती चटकन सापडे, पण पिंपाचा फक्त बाहेरचा पृष्ठभाग उपयोगी पडतो आणि आतली सारी जागा वाया जाते. तबकड्या एकावर एक रचल्या तर तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक पृष्ठभाग मिळतो आणि प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजू वापरता येतात. नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेतील जेकब रॅबिनाऊ यांनीही १९५२ मध्ये चुंबकीय तबकड्यांच्या साठवणीची एक रचना प्रसिद्ध केली होती. तबकडीची कल्पना एकट्या जॉन्सन यांना सुचली, असे म्हणणे म्हणूनच इतिहासाला धरून होणार नाही. ती व्यवहारात उतरेल यावर पैज लावण्याचे धाडस मात्र त्यांचेच.

हे धाडसच होते, कारण प्रयोगशाळेतीलच अनेकांना तबकड्यांबद्दल शंका होती. मोठी तबकडी वेगाने फिरवली की ती कडेला थरथरते. तिच्यावरील चुंबकीय खुणा वाचायच्या तर वाचन-लेखन करणारे शीर्ष, म्हणजे हेड, पृष्ठभागाच्या अगदी निकट हवे. ते टेकले तर लेप खरवडून निघणार आणि दूर गेले तर काही वाचता येणार नाही. याला उपाय म्हणून शीर्षातून दाबाखालील हवा तबकडीवर सोडण्यात आली. हवेच्या या पातळ गादीवर शीर्ष तरंगू लागले आणि तबकडी किंचित वरखाली झाली तरी त्यांमधील अंतर कायम राहू लागले. हे अंतर सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी होते.

लेपाची कथा अधिक घरगुती आहे. लोहाच्या ऑक्साइडचा रंग तबकडीवर सर्वत्र सारख्या जाडीचा बसवायचा होता. रंग बायकांच्या पायमोज्यांच्या तलम कापडातून गाळून, कागदी पेल्याने फिरत्या तबकडीच्या मध्याजवळ ओतायचा आणि बाकीचे काम तबकडीच्या फिरण्यावर सोपवायचे, ही रीत यशस्वी ठरली. रंग आपोआप कडेपर्यंत सारखा पसरे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला दिल्या जाणाऱ्या रंगाशी या लेपाचे नाते होते, असेही सांगितले जाते.

१० फेब्रुवारी १९५४ रोजी पंच-कार्डांवरील मजकूर तबकडीवर लिहून तो पुन्हा वाचून कार्डांवर आणण्यात प्रयोगशाळेला यश आले.

रॅमॅक

सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने ‘३०५ रॅमॅक’ हा संगणक जाहीर केला. यादृच्छिक प्रवेशाने हिशेब व नियंत्रण करण्याची पद्धत, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव बनवले होते. त्याचा साठवण-भाग म्हणजे ‘आयबीएम ३५०’ ही जगातील पहिली व्यापारी हार्ड डिस्क. तिच्यात २४ इंच (सुमारे ६१ सेंटिमीटर) व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर मिनिटाला १,२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरत. प्रत्येक बाजूवर १०० वर्तुळाकार मार्ग आणि प्रत्येक मार्गावर ५०० अक्षरे, असा हिशेब केला की एकूण ५० लाख अक्षरे होतात. पंच-कार्डांत मोजल्यास ही सुमारे ६२,५०० कार्डे भरतील. आजच्या मापात ही क्षमता पावणेचार मेगाबाइट होते. भ्रमणध्वनीने काढलेले एखादे छायाचित्रही कधीकधी तेवढी जागा घेते.

एवढ्या तबकड्यांसाठी वाचन-लेखनाचा हात मात्र एकच होता. तो आधी वर-खाली सरकून हव्या त्या तबकडीपाशी जाई आणि मग आत शिरे. हवी ती नोंद गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या निम्म्याहून थोडा अधिक वेळ लागे. या साठवण-यंत्राचे वजन टनाच्या घरात होते आणि ते हलवायला यारीची मदत घ्यावी लागे. संपूर्ण रॅमॅक संगणकाचे भाडे महिन्याला ३,२०० डॉलर होते.

कंपनीची मोठी मिळकत पंच-कार्डांवर अवलंबून असताना कार्डांची गरजच कमी करणारे यंत्र तिने स्वतःच बाजारात आणले, ही गोष्ट आजही नवल वाटायला लावते. १,००० हून अधिक रॅमॅक तयार झाले. १९५८ च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनात एक रॅमॅक प्रेक्षकांच्या इतिहासविषयक प्रश्नांना दहा भाषांत उत्तरे देत असे. १९६० च्या स्क्वॉ व्हॅली येथील हिवाळी ऑलिंपिकमध्येही निकालांच्या कामासाठी रॅमॅक वापरला गेला.

श्रेयाचा प्रश्न

हार्ड डिस्कच्या मूळ एकस्वावर जॉन्सन यांचे नाव नाही. १९५४ मध्ये दाखल झालेले आणि १९७० मध्ये मंजूर झालेले हे एकस्व विल्यम गोडार्ड व जॉन लिनॉट या त्यांच्या सहकाऱ्यांच्या नावे आहे. तबकड्यांवरील लेप, हवेवर तरंगणारे शीर्ष, हात योग्य मार्गावर थांबवणारी यंत्रणा ही वेगवेगळ्या अभियंत्यांची कामे होती. लुई स्टीव्हन्स यांचाही प्रकल्पात मोठा वाटा होता. जॉन्सन यांना जनक म्हणायचे ते त्यांनी दिशा ठरवली, माणसे जमवली आणि शंकेच्या काळात प्रकल्प तगवून धरला म्हणून. एकस्वाचा कागद पुरावा मानणाऱ्याला हे पुरेसे वाटणार नाही, पण तबकडीचा मार्ग तेव्हा सोडून दिला असता तर एकस्व घेण्यासारखे काही उरलेच नसते.

उत्तरायुष्य आणि सन्मान

जॉन्सन १९७१ मध्ये आयबीएममधून निवृत्त झाले. शिक्षणाशी असलेला त्यांचा संबंध मात्र सुटला नाही. मुलांना हाताळता येईल अशी बंदिस्त, अर्धा इंच रुंदीच्या फितीची व्हिडिओ कॅसेट विकसित करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. निवृत्तीनंतर त्यांनी एका छोट्या ध्वनिमुद्रिकेचे तंत्र तयार केले. ते फिशर-प्राइस या खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या बोलक्या पुस्तकांत वापरले गेले. वाचायला शिकणारे मूल पान उघडून त्यावरचा मजकूर ऐकू शके.

१९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या हस्ते त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यात आले. १९८७ मध्ये त्यांना संगणक-प्रवर्तक पुरस्कार मिळाला. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने माहिती-साठवण क्षेत्रातील कामगिरीसाठी त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला. १५ सप्टेंबर १९९८ रोजी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

नंतरची वाटचाल

रॅमॅकनंतर तबकडी क्रमाने लहान होत गेली. १९६२ मध्ये सॅन होजे येथेच तयार झालेल्या ‘आयबीएम १३११’ मध्ये तबकड्यांचा संच काढून हाताने उचलून नेता येऊ लागला. त्याचे वजन साडेचार किलोच्या आसपास होते. बरोबर नेता येणाऱ्या साठवणीचा हा पूर्वज होय. फ्लॉपी डिस्कही त्याच शहरातील प्रयोगशाळेत जन्मली. १९८० मध्ये सीगेट कंपनीने सव्वापाच इंच आकाराची ५ मेगाबाइटची डिस्क आणली. रॅमॅकच्या कपाटाहून अधिक माहिती आता टेबलावरील संगणकाच्या पेटीत मावू लागली.

आज लॅपटॉपसाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क निवडताना ग्राहक जे दोन प्रश्न विचारतो, माहिती किती मावेल आणि किती लवकर मिळेल, त्याच दोन प्रश्नांवर जॉन्सन यांच्या प्रयोगशाळेत खल झाला होता. खिशात मावणाऱ्या १ टेराबाइट डिस्कची क्षमता रॅमॅकच्या सुमारे २ लाख ६६ हजार पट आहे. वेग मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. अडीच इंची तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, म्हणजे रॅमॅकच्या साडेचार पट. नोंद गाठण्याचा वेळ ६०० मिलिसेकंदांवरून १५ मिलिसेकंदांच्या आसपास आला. हात सरकायला आणि तबकडी फिरून यायला लागणारा वेळ टाळता येत नाही. एखादा मोठा चित्रपट अशा डिस्कवर झपाट्याने उतरतो, पण तेवढ्याच आकाराच्या हजारो लहान फायली उतरवायला कितीतरी अधिक वेळ जातो, याचे कारण हेच आहे. वेगवान यूएसबी जोडणी घेतल्यानेही फारसा फरक पडत नाही. फिरती तबकडी सेकंदाला साधारण १०० ते १५० मेगाबाइट देते आणि सेकंदाला ५ गिगाबिट वाहून नेणाऱ्या यूएसबी तारेची क्षमता त्याहून कितीतरी जास्त असते.

हा अडसर दूर केला तो एसएसडीने. तिच्यात तबकडी नाही, हातही नाही. अर्धवाहक चिपांतील नोंद तिला मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात मिळते आणि तार किती वेगवान आहे हे तेथे खरोखर महत्त्वाचे ठरते. मात्र तेवढ्याच किमतीत फिरती तबकडी कितीतरी अधिक जागा देते. त्यामुळे छायाचित्रे, चित्रफिती आणि प्रतींचा संग्रह यांसाठी ती अजून टिकून आहे. चालू असताना ती हलवू वा आपटू नये हा नियम मात्र रॅमॅकच्या काळापासून बदललेला नाही, किंबहुना अधिकच कडक झाला आहे. तेव्हा शीर्ष आणि तबकडी यांच्यात २० मायक्रॉन अंतर होते. आता ते काही नॅनोमीटरच उरले आहे.

एक जुना रॅमॅक साठवण-संच पुढे सांता क्लारा विद्यापीठात अभ्यासकांनी खटपटीने पुन्हा चालता केला. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात तो पाहायला मिळतो.